पटव्यांची पेढी आणि जैसलमेरचा पिवळा दगड

जैसलमेरची 'पटवों की हवेली' बघायला गेलेले बहुतेक जण झरोक्यांचे फोटो काढून परततात. ही वास्तू एका व्यापारी घराण्याची होती, खाली व्यवहार आणि वर संसार, हे ध्यानात ठेवून ती पाहिली तर फार काही दिसतं. गुमानचंद पटवा यांनी १८०५च्या सुमारास बांधकाम सुरू केलं. पाच मुलांसाठी पाच हवेल्या, आणि काम पुरं व्हायला पन्नासेक वर्षं लागली. जरीचा व्यापार, अफू आणि सावकारी यांतून आलेला हा पैसा.

मला भुरळ पडते ती दगडाची. सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे आणि शिंपल्यांचे थर म्हणजे जैसलमेरचा पिवळा चुनखडक. फुटलेल्या कडेवर बारकाईने पाहिलं तर शिंपल्यांचे तुकडे दिसतात. सोनेरी रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. खडक छिन्नीला बऱ्यापैकी मऊ, म्हणूनच जाळीकाम इतकं नाजूक जमलं.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दीड फूट जाडीच्या दगडी भिंतीतून उष्णता आत पोहोचायला साधारण दहा तास लागतात. म्हणजे दुपारचा ताप आत जाणवतो तो रात्री, बाहेर गारवा पडल्यावर. पुढे आलेले झरोके खालच्या भिंतीवर सावली धरतात, आणि चौकात रात्रीची थंड, जड हवा उतरून साचते. अरुंद गल्लीही ऊन अडवते.

मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रमार्गे जाऊ लागला, आणि ज्या व्यापारावर अशा हवेल्या उभ्या राहिल्या, त्याची जैसलमेरवरून जाणारी उंटांच्या तांड्यांची वाट ओस पडली. १९४७च्या फाळणीने सिंधचा रस्ताच बंद केला.

आज या शहरातल्या जुन्या वास्तूंना खरा धोका आहे पाण्याचा. वर्षाला जेमतेम पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात त्या उभ्या राहिल्या. आता नळाचं आणि सांडपाणी जमिनीत मुरतं, सच्छिद्र दगड ते वर ओढतो, आणि पाणी वाळलं की मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढून दगडाचा पापुद्रा सुटतो. त्यावर सिमेंटचा गिलावा दिला तर ओल आतच कोंडते आणि झीज वाढते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावाच हवा, कारण तो ओल बाहेर पडू देतो. त्याहीआधी मात्र गळकी गटारं दुरुस्त व्हायला हवीत.