काळ्या ड्रेसमध्ये बारीक का दिसतं?

संक्रांत जवळ आली की साताऱ्यात राजपथावरच्या दुकानांच्या काचा काळ्या होऊन जातात. चंद्रकळा असतेच, पण आता तिच्या शेजारी काळे कुर्ते, गाऊन आणि गुडघ्यापर्यंतचे ड्रेसही टांगलेले दिसतात. ‘घ्या ताई, काळ्यात बारीक दिसतं,’ हे वाक्यही हमखास कानावर पडतं. का दिसतं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: काळा रंग प्रकाश शोषून घेतो. शाळेत शिकलेलं हे विधान खरं आहे, पण त्यानं प्रश्न सुटत नाही. प्रकाश शोषला गेला म्हणून कमरेची रुंदी कमी का वाटावी? याचं उत्तर पाहणाऱ्याच्या डोळ्यात आणि मेंदूत आहे.

नुसत्या डोळ्यांनी शुक्र गुरूपेक्षा मोठा वाटतो. दुर्बिणीतून मात्र बहुतेकदा गुरूचीच चकती मोठी दिसते. ही विसंगती सुमारे ४०० वर्षांपूर्वी गॅलिलिओच्या लक्षात आली होती. अंधाऱ्या पार्श्वभूमीवरची तेजस्वी वस्तू फुगून दिसते आणि हे फुगणं डोळ्यातच घडतं, हे त्यानं ओळखलं. १९व्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं याचा बारकाईनं विचार केला. गो या खेळाच्या जपानी सोंगट्या बनवणाऱ्यांनी तर हे हिशेबातच धरलं आहे. काळी सोंगटी २२.२ मिलिमीटरची असते आणि पांढरी २१.९ची, म्हणजे पटावर दोन्ही सारख्या दिसतात.

यामागची यंत्रणा मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या दृष्टिपटलावरून मेंदूकडे दोन वेगळ्या वाटांनी माहिती जाते. एका वाटेवरच्या पेशी उजेड वाढला की चेततात, दुसरीवरच्या उजेड कमी झाला की. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की या दोन वाटांचा स्वभाव सारखा नाही. अंधाराच्या पेशी प्रमाणात उत्तर देतात: दुप्पट अंधार, साधारण दुप्पट प्रतिसाद. उजेडाच्या पेशी मात्र थोड्याशा उजेडानंच जवळजवळ पूर्ण चेततात. आता काळ्या ड्रेसची कड पाहा. डोळ्याचं भिंग कधीच अगदी रेखीव प्रतिमा पाडत नाही, त्यामुळे काळा ड्रेस आणि मागची पांढरी भिंत यांच्यामध्ये दृष्टिपटलावर एक अरुंद राखाडी पट्टी तयार होते. तिच्यातला अर्धामुर्धा उजेड उजेडाच्या पेशींना पुरेसा असतो. त्या पट्टीचा बराच भाग भिंतीच्या खात्यात जमा होतो आणि काळी आकृती दोन्ही बाजूंनी थोडी आत सरकते. पांढऱ्या ड्रेसच्या बाबतीत हेच उलट घडतं.

आत म्हणजे किती? नजरेच्या कोनात मोजली तर कड एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी सरकली असं धरू. पाहणारा ३ मीटरवर असेल तर हे अंतर भरतं जेमतेम ०.९ मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून २ मिलिमीटरही नाहीत, आणि कमर समोरून ३० सेंटिमीटर रुंद असते! म्हणजे एवढ्यानं कुणी बारीक दिसणार नाही. शिवाय मागची भिंतही गडद असेल तर हेही मिळत नाही.

खरं काम करते ती सावली, किंवा तिचं नसणं. समोरून पाहताना पोटाचा उंचवटा, कमरेची वळी, कापडाची चुणी आपल्याला कळते ती उजेडातून सावलीत होणाऱ्या हळूहळू बदलामुळे. उजेड वरून येतो असं धरून मेंदू त्या बदलातून खोली काढतो. फिकं कापड बराचसा प्रकाश परत पाठवतं, म्हणून त्यावर हे चढउतार ठळक दिसतात. गडद काळं कापड शेकडा काहीच भाग परत देतं. उजळ भाग आणि सावली दोन्ही इतके अंधारे असतात की त्यांच्यातला फरक हाती लागत नाही. शरीर सपाट दिसतं आणि फक्त बाह्यरेषा उरते.

म्हणूनच कापड कुठलं, याला रंगाइतकंच महत्त्व आहे. काळं सॅटिन घेतलं तर नेमक्या फुगीर जागी चकाकीचे पट्टे उमटतात, आणि झाकायचं तेच उठून दिसतं. मखमल समोरून फार गडद दिसते, पण तिची लव कडेला प्रकाश पकडते आणि रेषा उजळते. ताणून बसलेलं लायक्रा जिथे सर्वांत जास्त ताणलं जातं तिथे विरळ होऊन फिकं पडतं, म्हणजे नको त्याच जागी. माझी पसंती चमक नसलेल्या, थोडा वजनदार पडणाऱ्या क्रेपला. जॉर्जेट असेल तर अस्तरही काळंच हवं. ट्यूबलाइटखाली सगळे काळे सारखे वाटतात. दारात उन्हात नेलं की एखादा तांबूस, एखादा हिरवट निघतो, कारण काळा बहुधा अनेक रंगद्रव्यं मिसळून केलेला असतो.

आत सगळं सपाट झालं की नजर जाते जिथे काळा संपतो तिथे: गळा, बाही, खालचा काठ. काठ पोटरीच्या सर्वांत जाड जागी संपला तर नजर तिथेच थांबते. गुडघ्याच्या लगेच खाली किंवा घोट्याच्या वर, जिथे पाय निमुळता होतो तिथे काठ यावा. चकचकीत पट्टा कमरेवर नवी सीमारेषा आखतो. कमर दाखवायची असेल तरच तो घालावा. शरीराला सफरचंद, नासपती अशी नावं देणारे तक्ते मला पटत नाहीत. आरशासमोर दोन पावलं मागे जाऊन काठ कुठे येतो ते पाहिलं तर जास्त कळतं. ‘पाच किलो कमी दिसाल’ ही जाहिरात तर वरच्या दोन मिलिमीटरांना लाजवणारी आहे.

१९२६ मध्ये अमेरिकेतल्या ‘व्होग’ या फॅशनच्या नियतकालिकानं कोको शनेल या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापून त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली, सगळ्यांना चालेल असा म्हणून. आपल्याकडे मात्र साखरपुड्याला, बारशाला काळं नको म्हणतात. संक्रांतीला शुभ असलेला रंग महिन्याभरात अशुभ कसा होतो, याचं उत्तर कुणाकडे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी हा प्रश्न मोठ्यानं विचारला जावा. कापडाचा रंग काही प्रकाश शोषतो आणि काही परत पाठवतो. नशिबाशी त्याचा काही संबंध नाही.

ड्रेस घेतल्यावर तो उलटा करून, गार पाण्यात धुवा. घासून तंतू तुटले की वर बारीक लव येते, ती प्रकाश विखुरते, आणि रंग फारसा गेला नसतानाही काळा राखाडी दिसू लागतो.