गिलायुशोथ (टॉन्सिल सुजणे)

पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या कमानींत असणाऱ्या लसीकाभ (रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या) गाठींना, म्हणजे गिलायूंना (टॉन्सिल), येणारी सूज. बोलीत ‘घशात गाठी आल्या’ असे म्हणतात. जर्मन शरीररचनाविज्ञ वाल्डायर यांनी १८८४ मध्ये वर्णिलेल्या घशातील लसीकाभ कड्याचा या गाठी एक भाग होत. लहान वयात त्या स्वभावतःच मोठ्या दिसतात. त्रास नसेल तर केवळ आकाराला आजार समजू नये.

प्राचीन वैद्यकात हा आजार कोणत्या नावाने येतो याविषयी मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेत (सध्याचे रूप बहुधा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील) तुंडिकेरी तालुरोगांत येते. ती मोठी, टोचणारी, आग होणारी व पिकणारी सूज होय. गिलायू मात्र कंठरोगांत मोडतो : आवळ्याच्या बीएवढी, स्थिर, कमी दुखणारी, घास अडकल्यासारखी भासणारी व शस्त्रसाध्य गाठ. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तुंडिकेरीही कंठरोगांत आली असून तेथे ती कठीण, बुळबुळीत व मंद वेदनेची सांगितली आहे. मराठी परिभाषेत ‘गिलायू’ रूढ झाला असला, तरी तीव्र शोथाशी सुश्रुताची तुंडिकेरी अधिक जुळते; गिलायूचे वर्णन जुनाट वाढलेल्या गाठीला लागू पडावे.

बहुतेक वेळा कारण विषाणू असतात. नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे ही लक्षणे तिकडे बोट दाखवतात. मुलांमधील घसादुखीत साधारण २० ते ३० टक्के वेळा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू आढळतो. त्याची लक्षणे : एकाएकी ताप, गाठींवर पांढरट ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, खोकला नाही. करडा, सहज न सुटणारा पडदा दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी. कच्च्या दुधातूनही स्ट्रेप्टोकॉकस पसरतो. १९११ मध्ये बॉस्टन शहरात अशी मोठी साथ आली होती. कोल्हापुरात गंगावेशीत धारोष्ण दूध पिण्याची आवड जुनी आहे, म्हणून हे येथे नोंदवणे अगत्याचे वाटते. उकळलेल्या दुधाला हा धोका नाही.

आरामासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, भरपूर पातळ पदार्थ आणि वजनानुसार पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. हळदीचे दूध, पेज, तिखट नसलेला पांढरा रस्सा गिळायला सोपा जातो. तांबडा काही दिवस दूर ठेवावा. बोटाने पडजीभ उचलण्याच्या घरगुती प्रकाराने सुजलेल्या घशाला इजा होऊ शकते.

स्ट्रेप्टोकॉकस असल्यास पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सामान्यतः १० दिवस देतात. दोन दिवसांत बरे वाटले तरी गोळ्या सोडू नयेत. उपचार अपुरा राहिल्यास संधिवाती ज्वर येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. हा धोका विशेषतः ५ ते १५ वर्षे वयात असतो आणि भारतात तो अजून संपलेला नाही. विषाणुजन्य शोथावर मात्र प्रतिजैविके निरुपयोगी.

तोंड न उघडणे, लाळ गळणे, एकाच बाजूला गाठ फुगून पडजीभ सरकणे, श्वासाला अडथळा, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे अर्थात सीपीआर (थोरला दवाखाना) हे मोठे शासकीय रुग्णालय आहे. प्रौढांत एकच गिलायू न दुखता वाढत राहिल्यास कर्करोगाची तपासणी करतात.

गिलायू काढण्याचे वर्णन रोमन लेखक सेल्सस (इ. स. पहिले शतक) याने केले आहे. आज वर्षात ७, सलग दोन वर्षे दरवर्षी ५ किंवा तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा तीव्र शोथ झाल्यास, अथवा झोपेत श्वास अडत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. नंतर सुमारे दोन आठवडे रक्तस्रावावर लक्ष ठेवावे लागते.