अनशार्प मास्क

अनशार्प मास्क : कडेच्या दोन्ही बाजूंचा तेजोभेद वाढवून छायाचित्र अधिक रेखीव भासविण्याची पद्धती. डिजिटल छायाचित्रांच्या शार्पनिंगमध्ये ती सर्वाधिक रूढ असली, तरी तिचा उगम डार्करूममधला आहे. निगेटिव्हवरून, मध्ये पारदर्शक थर ठेवून, फिकट व मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह (हाच मास्क) काढीत आणि ती मूळ निगेटिव्हवर अचूक जुळवून दोन्हींतून प्रत काढीत. मोठ्या क्षेत्रांतील तेजोभेद मास्कमुळे दबे. सूक्ष्म तपशील मास्कमध्ये उतरलेलेच नसल्याने शाबूत राहत व कडक ग्रेडच्या (तेजोभेद वाढवणाऱ्या) कागदावर उठून दिसत.

पद्धतीच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ते व्हिएन्नातील गॉटफ्रिड श्पीगलर व युरिस यांच्याकडे देतात (१९३० च्या सुमारास). मात्र त्यांचा मुख्य हेतू क्ष-किरण चित्रांसारख्या अतितीव्र निगेटिव्हांचा तेजोभेद आवरण्याचा होता. रेखीवपणा हेच साध्य मानल्यास कोडॅकचे जे. ए. सी. यूल यांच्या १९४४ मधील निबंधाला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे खगोलछायाचित्रकार डेव्हिड मॅलिन यांनी ऑस्ट्रेलियात, १९७० च्या दशकात, दीर्घिकांच्या तेजस्वी भागांत लपलेली रचना याच तंत्राने उघड केली.

संगणकात प्रतिमेची धूसर प्रत मूळ प्रतिमेतून वजा करतात व उरलेला फरक ठरावीक पटीने मुळात मिळवतात. ही पट म्हणजे ‘अमाउंट’. धूसरतेचा विस्तार ‘रेडियस’ने, तर किती लहान फरक सोडून द्यावा हे ‘थ्रेशोल्ड’ने ठरते. रेडियस वाजवीपेक्षा वाढल्यास कडांभोवती पांढरी प्रभा उमटते. ती नंतर पुसणे कठीण, म्हणून अमाउंटपेक्षा रेडियसकडे आधी लक्ष द्यावे. थ्रेशोल्ड फार कमी ठेवल्यास आकाशातील व त्वचेवरील नॉइजही (नको असलेले विखुरलेले ठिपके) टोकदार होतो. रंगांच्या कडा बिघडू नयेत म्हणून केवळ तेजस्वितेच्या घटकावर प्रक्रिया करणे इष्ट.

बायर फिल्टरच्या (लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी; पेटंट १९७६) सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग नोंदवतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अनुमानित होतात. त्यामुळे, तसेच अनेक कॅमेऱ्यांतील, अतिसूक्ष्म तपशील मुद्दाम धूसर करणाऱ्या लो-पास फिल्टरमुळे, रॉ फाइल (कॅमेऱ्याची असंस्कारित नोंद) मूळचीच किंचित मऊ असते. डिजिटल छायाचित्रणावरील लेखक ब्रूस फ्रेझर यांनी या मऊपणासाठी, चित्राच्या आशयासाठी आणि छपाई वा पडदा या अंतिम माध्यमासाठी असे शार्पनिंगचे तीन वेगळे टप्पे मांडले.

चुकलेला फोकस या पद्धतीने परत मिळत नाही. तेथे धूसरतेचे गणिती प्रारूप धरून ती उलटवणारे डीकॉन्व्होल्यूशन काही अंशी उपयोगी पडते. रिचर्डसन (१९७२) व लुसी (१९७४) यांची रीत त्यांतील प्रसिद्ध असून, हबल दुर्बिणीच्या सदोष आरशातून आलेल्या प्रतिमांवर, १९९३ च्या दुरुस्तीपूर्वी, ती वापरली गेली.