अमेरिकेतील पदवी प्रवेश : अर्ली अर्ज करावा की रेग्युलर?

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अर्जाचे मुख्यतः तीन मार्ग असतात. त्यांच्यातला खरा फरक तारखांचा नसून बांधिलकीचा आहे.

‘अर्ली डिसिजन’चा अर्ज बहुधा 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत भरावा लागतो आणि निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. या पद्धतीने एका वेळी एकाच विद्यापीठाकडे अर्ज करता येतो. विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या घेतल्या जातात, आणि प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारून इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. कॉर्नेल व ड्यूक येथे ही पद्धत आहे. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये निकाल लवकर कळतो, पण बंधन नसते; येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड मात्र त्याच वेळी अन्य खासगी विद्यापीठांत अर्ली अर्ज करू देत नाहीत. ‘रेग्युलर’ अर्जाची मुदत साधारणतः जानेवारीच्या सुरुवातीस संपते, निकाल मार्चअखेरच्या सुमारास येतात आणि होकार 1 मेपर्यंत कळवता येतो.

पात्रतेच्या अटी तिन्ही मार्गांना सारख्याच आहेत. प्रश्न पैशांचा आहे. अर्ली डिसिजनमध्ये मिळालेली आर्थिक मदत अपुरी ठरल्यास करारातून मोकळीक मिळू शकते, परंतु चार ठिकाणचे आकडे समोर ठेवून तुलना करण्याची संधी मात्र राहत नाही. शिवाय हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे सोडली, तर परदेशी अर्जदाराने मदत मागितली आहे का, हे प्रवेशाचा निर्णय घेतानाच पाहिले जाते. अर्लीमध्ये प्रवेशाचे प्रमाण जास्त दिसते खरे, पण त्यात निवड आधीच जवळपास ठरलेले खेळाडूही असतात. त्यामुळे पूर्ण खर्च झेपणार असेल आणि विद्यापीठाविषयी मनात शंका नसेल, तरच बंधनकारक अर्ज करावा, असे माझे मत आहे.

कागदपत्रांत नववी ते बारावीचे गुण, शाळेचा अहवाल, शिक्षकांची शिफारसपत्रे, 650 शब्दांपर्यंतचा निबंध, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि काही ठिकाणी सॅट ही प्रवेशपरीक्षा लागते. मदत हवी असल्यास अनेक खासगी विद्यापीठे सीएसएस प्रोफाइल (कुटुंबाच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज) मागतात, ज्यासाठी पालकांची प्राप्तिकर विवरणपत्रे हाताशी असावीत. महाराष्ट्रात नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात होत असल्याने गुणपत्रके दोन ठिकाणांहून आणावी लागतात. समुपदेशक नसल्यास ती जबाबदारी प्राचार्य किंवा उपप्राचार्यांना विनंती करून सोपवावी लागते. नोव्हेंबरची मुदत अनेकदा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते, म्हणून सही-शिक्के सप्टेंबरमध्येच उरकावेत. सहामाहीचे गुण दाखवून बाजू भक्कम होणार असेल, तर रेग्युलर अर्ज सोयीचा ठरतो.

अर्लीचा निर्णय पुढे ढकलला गेल्यास तोच अर्ज रेग्युलर फेरीत पुन्हा पाहिला जातो आणि बंधनही उरत नाही. मात्र नकार आलाच, तर जानेवारीच्या मुदतीला जेमतेम दोन आठवडे उरतात, त्यामुळे बाकीच्या विद्यापीठांचे निबंध निकालाची वाट न पाहता आधीच लिहून ठेवावे लागतात.