सोल्डरिंग स्टेशन : अल्पखर्चिक प्रकार व बिट तापविण्याच्या पद्धती

सोल्डर (धातूचे भाग जोडण्यासाठी वितळवायची मिश्रधातूची तार) वितळवणाऱ्या आयर्न या तापत्या अवजाराच्या टोकाचे, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील बिटचे, तापमान मोजून ते ठरवलेल्या पातळीवर टिकवून धरणारी साधनजोडणी. नियंत्रक पेटी, हँडल, तापक, संवेदक, बिट व स्टँड हे तिचे भाग होत. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील दुरुस्तीची दुकाने, आयटीआय आणि लहान कारखाने यांच्या आवाक्यातील स्टेशनांचाच विचार केला आहे. सोल्डरिंगचे उपयोग सर्वपरिचित असल्याने ते येथे दिलेले नाहीत.

पूर्वेतिहास : विजेवर तापणारे आयर्न प्रथम कोणी बनवले, याबद्दल एकमत नाही. अमेरिकी लेखनात डेट्रॉइटच्या अमेरिकन इलेक्ट्रिकल हीटर कंपनीकडे १८९० च्या दशकातील अग्रमान जातो. जर्मन लेखनात तो १९२१ साली एर्सा ही कंपनी स्थापन करणाऱ्या एर्न्स्ट साक्स यांना दिला जातो. पहिला दावा विजेवर तापणाऱ्या अवजाराबद्दल आणि दुसरा त्याच्या पेटंट व कारखानदारी उत्पादनाबद्दल असावा, असे मानल्यास दोहोंत फारसा विरोध उरत नाही. कार्ल वेलर यांच्या सोल्डर गनबाबत (पिस्तुलाच्या आकाराचे आयर्न) १९४१ व १९४६ अशी दोन वर्षे आढळतात. पहिले पेटंटसाठी केलेल्या अर्जाचे, तर दुसरे पेटंट मिळाल्याचे. मात्र गनमध्ये तापमान-नियंत्रण नव्हते, त्यामुळे तिला स्टेशनची पूर्वज मानणे सयुक्तिक वाटत नाही.

तो मान वेलर कंपनीच्याच मॅग्नास्टॅट पद्धतीला द्यावा लागेल. ती साधारणपणे १९६० च्या आगेमागे प्रचारात आली. बिटच्या मागील टोकाला चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या मिश्रधातूची चकती असते व दांड्यात एक चुंबक. थंड चकती चुंबकाला ओढून घेते आणि स्विच लागतो. चकती आपल्या क्यूरी तापमानाला पोहोचली की तिची चुंबकशीलता जाते, स्प्रिंग चुंबकाला मागे ढकलते व स्विच तुटतो. बिटवरील ७ हा आकडा ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३७०° से. दर्शवितो, ८ म्हणजे सुमारे ४२५° से. तापमान बदलायचे तर बिटच बदलावी लागते. इलेक्ट्रॉनिक सर्किट नसतानाही ही पद्धत खुद्द बिटचे तापमान ओळखते, ही तिची थोरवी. नंतरची कित्येक स्वस्त स्टेशने या एका बाबतीत मागेच गेली.

तापकाचे प्रकार : सर्वांत जुना प्रकार अभ्रकावर गुंडाळलेल्या निक्रोम (निकेल व क्रोमियमचा मिश्रधातू) तारेचा. बाजारात मिळणाऱ्या २५ वॅटच्या साध्या आयर्नमध्ये तोच असतो आणि त्यात संवेदक नसतो. दुसरा प्रकार सिरॅमिक कांडीचा. ओसाका येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या हाक्को कंपनीच्या ९३६ या स्टेशनमुळे तो जगभर रूढ झाला. कंपनीने हे मॉडेल बंद करून एफएक्स-८८८ मालिका आणली, तरी ९३६ च्या चिनी नकला आजही सर्वांत स्वस्त स्टेशने म्हणून विकल्या जातात. कांडीत तापकाचा आणि संवेदकाचा असे दोन वेगळे मार्ग छापलेले असतात. संवेदकाचा रोध थंड असताना सुमारे ५० ओहम असतो व तापेल तसा वाढतो. कांडीवर पोकळ बिट सरकवली जाते. ९००एम या बिटची पोकळी सुमारे ४ मिमी. असते.

सिरॅमिक चांगले की निक्रोम, असा वाद विक्रेते व शिकाऊ यांच्यात नेहमी चालतो. नोंदकाराच्या मते वादाचा खरा मुद्दा पदार्थ हा नसून तापक, संवेदक व बिटचे टोक यांच्यातील अंतर हा आहे. ९३६ जातीच्या स्टेशनमध्ये संवेदक कांडीचे तापमान मोजतो, टोकाचे नव्हे. कांडी व बिट यांच्यात हवेची फट असते आणि हवेची उष्णतावाहकता तांब्यापेक्षा हजारो पटींनी कमी. बिट सैल असेल किंवा नकली कांडी आखूड असून बिटच्या तळापर्यंत पोहोचत नसेल, तर आकडा ३५० दाखवतो आणि इन्व्हर्टरच्या जाड तांब्याच्या पट्टीवर टेकवताच सोल्डर घट्ट होऊन बिट तिथेच चिकटते. कारागीर मग आकडा ४५० वर नेतो. ४०० अंशांपुढे बिटवरील लोखंडाचा लेप झपाट्याने झिजतो. लेपाला भोक पडले की आतले तांबे सोल्डरमध्ये विरघळत जाते. अशा वेळी आकडा वाढवण्याऐवजी रुंद छिन्नीसारखी बिट लावणे हाच योग्य उपाय आहे. सुईसारख्या टोकाच्या बिटने जाड पट्टी कधीच नीट सोल्डर होत नाही, मग स्टेशन कितीही महाग असो.

तिसरा प्रकार कार्ट्रिजचा. त्यात तापक, थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाचा तापमान-संवेदक) व बिट एकाच नळीत बंद असतात व फट राहत नाही. हाक्कोची टी१२ बिट व तिच्यावर बेतलेली चिनी स्टेशने या वर्गात सर्वाधिक आढळतात. टी१२ मध्ये थर्मोकपल तापकाशी एकसरीत जोडलेले असते. नियंत्रक क्षणभर वीज तोडतो, तारांवरील काही मिलिव्होल्टचा दाब वाचतो आणि पुन्हा वीज सोडतो. तापकाचा रोध सुमारे ८ ओहम असल्याने २४ व्होल्टला ७२ वॅट, लॅपटॉपच्या १९ व्होल्ट अडॅप्टरवर ४५ वॅट, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर केवळ १८ वॅट मिळतात. वेष्टनावर ७५ वॅट छापलेले असले तरी अडॅप्टर कोणता, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

थर्मोकपल दोन टोकांमधील तापमानाचा फरक मोजते. त्यात हँडलकडील टोकाचे तापमान मिळवावे लागते. चांगल्या स्टेशनमध्ये त्यासाठी हँडलमध्ये वेगळा संवेदक असतो. अगदी स्वस्त नियंत्रक खोलीचे तापमान २५° गृहीत धरतात. मे महिन्यात परभणी किंवा नांदेडच्या पत्र्याच्या दुकानात पारा ४२ वर असताना अशा स्टेशनची बिट दाखवलेल्या आकड्याहून सुमारे १७ अंश अधिक तापलेली असते. सोल्डरिंगला हा फरक सोसतो. कॅलिब्रेशन थंडीत करून वर्षभर त्यावर विसंबणे मात्र चूक.

बार्सिलोनाच्या जेबीसी कंपनीच्या सी२४५ व सी२१० कार्ट्रिज याच तत्त्वावरच्या, पण तापक टोकाच्या आणखी जवळ असलेल्या आहेत. सी२४५ दोन-तीन सेकंदांत कामाच्या तापमानाला येते. मोबाइल दुरुस्तीत सध्या सी२१० जोगी हँडले असलेली सुगॉन, आयझुन आदी चिनी स्टेशने वापरात आहेत. क्विक २०३एच सारख्या स्टेशनमध्ये सुमारे ४०० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या प्रवाहाने बिटमध्येच भोवरे-प्रवाह निर्माण करून ती तापवली जाते. मेटकल कंपनीची क्यूरी-तत्त्वावरील उच्च वारंवारतेची स्टेशने महाग असल्याने येथे अभिप्रेत नाहीत.

मराठवाड्यातील परिस्थिती : साध्या आयर्नची शक्ती विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टचे २५ वॅटचे आयर्न १८० व्होल्टला १५ वॅट आणि २५० व्होल्टला साडेएकोणतीस वॅट देते. शेतीपंप चालू असताना दाब घसरणाऱ्या गावात ड्राय सोल्डर (नीट न वितळलेला कच्चा जोड) होण्याचे हे एक मुख्य कारण आहे. पंप-स्टार्टरच्या कार्डावरचे (सर्किट बोर्डावरचे) असे कच्चे जोड हंगामात नेमके ओलिताच्या दिवशी सुटतात आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. म्हणून अल्पखर्चिक का होईना, नियंत्रित स्टेशन हे खेड्यातल्या दुकानाची गरज आहे, चैन नव्हे. एसएमपीएसवर (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यावर) चालणारी टी१२ स्टेशने दाबाचे हे चढउतार बहुतांशी सोसतात. ट्रान्सफॉर्मर असलेल्या ९३६ मध्येही नियंत्रणामुळे तापमान टिकते, केवळ तापायला वेळ अधिक लागतो.

अर्थिंगकडे होणारे दुर्लक्ष अधिक गंभीर आहे. दोन पिनांच्या अडॅप्टरवरील बिटवर आतील कपॅसिटरमुळे पुरवठ्याच्या निम्म्याएवढा दाब तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असतो, पण मॉस्फेट या नाजूक ट्रान्झिस्टरच्या गेटला (नियंत्रक टोकाला) हा दाब मारक ठरू शकतो. तीन पिना असूनही प्रश्न सुटतोच असे नाही. काळी जमीन उन्हाळ्यात आकसून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीशी मातीचा संपर्क सुटतो व रोध वाढतो. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहणे, ही जुन्या वायरमनांची रीत येथे अक्षरशः लागू पडते. बोअरच्या जड पाण्याने बिट पुसायचा स्पंज भिजवल्यास क्षार बिटवर बसतात. बॅटरीच्या दुकानातील डिस्टिल्ड पाणी त्याला पुरेसे आहे. पितळी तारेचा गोळा वापरल्यास पाणीच लागत नाही.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठ परिसरातील इलेक्ट्रॉनिक्स संस्था (आजची नायलिट, पूर्वीची सीईडीटीआय) महत्त्वाची आहे. चितेगाव येथील व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे टीव्ही जोडणीचे काम या भागात आले. तेथील सोल्डरिंग-साधनांविषयी मुद्रित माहिती तुटपुंजी आहे.

सोल्डर व तापमान : ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेली तार १८३° से. ला एकदम वितळते. ६०/४० तार १८३ ते सुमारे १९० अंशांदरम्यान. सॅक-३०५ या शिसेविरहित मिश्रधातूला २१७ ते २२० अंश लागतात. युरोपीय संघाचे आरओएचएस (इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशासारख्या घातक पदार्थांवरील) बंधन १ जुलै २००६ पासून लागू झाल्यावर कारखानदारी कार्डांवर शिसेविरहित सोल्डर वाढले. दुरुस्तीत मात्र शिशाची तारच चालते. दोन्ही तारा एकाच बिटवर आलटून पालटून वापरू नयेत. शिशाच्या तारेसाठी ३२० ते ३५०, शिसेविरहितसाठी ३५० ते ३८० अंश ही मर्यादा बहुतेक कामांना पुरते. जुन्या कार्डावरील जोड सोडवताना त्यावर आधी थोडी ६३/३७ तार वितळवून घेतल्यास बिट कमी तापमानालाही काम करते.