दिवस नेमके किती गेले?

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बाईला शेवटची पाळी कधी आली होती असं विचारलं, तर तारीख क्वचितच मिळते. होळीनंतर, असं ती सांगते. खाली शिरपूर-अमळनेरकडे आलं की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी होते तेव्हा, असं ऐकू येतं. उत्तर खोटं नसतं, पण त्यात तीन-चार आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात. एरवीच्या बाळंतपणात ते खपून जातं. सातव्या महिन्याच्या आसपास कळा सुरू झाल्या की मात्र सगळा निर्णय तिथेच अडतो: पोटातलं बाळ ३० आठवड्यांचं की ३५?

हा प्रश्न ज्यांच्या रोजच्या कामाचा आहे ते फीटल मेडिसिनचे, म्हणजे पोटातल्या बाळाची तपासणी आणि उपचार करणारे डॉक्टर. आधी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण, मग या विषयाचं वेगळं प्रशिक्षण. आई आणि बाळ असे दोन रुग्ण एकाच वेळी तपासायचे, आणि त्यातला एक हाताला लागत नाही. सातपुड्यातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या गरोदर बाया, वाढलेला रक्तदाब, जुळी, वाढ खुंटलेली बाळं असं सगळं त्यांच्याकडे येतं. या शाखेत उपचार आणि संशोधन वेगळं काढता येत नाही. का, ते एका साध्या इंजेक्शनच्या गोष्टीत दिसतं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डॉ. ग्रॅहम लिगिन्स प्रसूतिकळा कशामुळे सुरू होतात ते मेंढ्यांमध्ये शोधत होते. गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं तर ते वेळेआधी जन्मतं, हे त्यांना दिसलं. पण अशी काही कोकरं इतकी अपुऱ्या दिवसांची असूनही श्वास घेत होती. ती तशी घेऊ शकतील असं कुणाला वाटलं नसतं! अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसातले वायुकोश ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात, कारण ते मोकळे ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ अजून पुरेसा तयार झालेला नसतो. स्टेरॉइडमुळे फुप्फुसं लवकर पिकतात आणि तो पदार्थ आधी तयार होतो. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर स्टेरॉइडच्या इंजेक्शनची चाचणी केली आणि १९७२ साली ती प्रसिद्ध केली. श्वासाचा त्रास कमी झाला, बाळांचे मृत्यूही घटले. इतकं स्पष्ट दिसूनही बहुतेक डॉक्टरांनी ते वापरायला घेतलं नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ठाम शिफारस केली ती १९९४ साली. मला या गोष्टीतला सगळ्यात चीड आणणारा भाग हाच वाटतो.

मग वाटलं, इतकं स्वस्त औषध खेड्यापाड्यांत पोचवलं की झालं. तेच सहा देशांत करून पाहिलं. त्यात भारत होता, आणि एकूण जवळपास एक लाख बाळंतपणं होती. कमी दिवसांचं बाळंतपण ओळखायला आरोग्यसेविकांना पोटाची उंची मोजायची रंगीत टेपही दिली होती. २०१५ साली निकाल आला तो धक्का देणारा. कमी वजनाच्या लहान बाळांना फायदा दिसला नाही. उलट एकूण नवजात मृत्यू दर हजार जन्मांमागे साडेतीनने वाढले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त दिसला. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायांची बाळं मुळात लहान नव्हतीच.

म्हणजे औषध खोटं ठरलं का? जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी केली. या वेळी भारतासह पाच देशांतली २९ रुग्णालयं निवडली. गर्भाचं वय सोनोग्राफीने ठरवलं, आईला संसर्ग नाही ना ते पाहिलं, बाळासाठी नवजात कक्ष तयार ठेवला. २०२० साली आलेल्या निकालात नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध जवळपास तेच, पण वयाची खात्री होती आणि जन्मानंतर सांभाळायची सोय होती. प्रसूतिगृहात उभं राहणाऱ्या डॉक्टरलाच हा फरक सुचू शकतो.

आपल्याकडे ही खात्री मिळवणं सोपं नाही. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून बुडापर्यंत गर्भाची लांबी मोजली तर वय पाच-सात दिवसांच्या फरकाने कळतं. शेवटच्या तिमाहीत हाच फरक तीन आठवड्यांवर जातो. पण दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली बाई गावी परतते ती उन्हाळ्यात, सहावा-सातवा महिना घेऊन. मशीन घेऊन पाड्यावर जावं म्हटलं तर गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा सोनोग्राफी यंत्र वाटेल तिथे नेऊ देत नाही. जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून कमी होतं, हे पाहता तो कडकपणा उगाच आहे असं मी म्हणणार नाही. तरी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रोज चालणारी साधी सोनोग्राफी मला नाशिकच्या महागड्या थ्रीडी यंत्रापेक्षा जास्त मोलाची वाटते.

उशिरा आलेल्या बाईसाठी डॉक्टर बाळाच्या लहान मेंदूची (सेरेबेलमची) आडवी रुंदी मोजतात. बाळाला अन्न कमी पडलं की त्याच्या पोटाचा घेर आधी मागे पडतो. लहान मेंदूची वाढ बरीचशी टिकते. १५ ते २४ आठवड्यांत ही रुंदी जितके मिलिमीटर, साधारण तितकेच आठवडे. पुढे तक्ता पाहावा लागतो. लहान मेंदू ३२ आठवड्यांचा आणि पोटाचा घेर २८ चा दिसला, तर तारीख चुकलेली नाही, बाळ उपाशी असण्याची शक्यता जास्त. मग नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करायची, आणि गाडी कुठे पाठवायची ते त्यावर ठरवायचं.