दीर्घकालीन ऊर्जा नियोजन

देशाला पुढच्या २०-३० वर्षांत किती ऊर्जा लागेल, ती कशातून काढायची आणि कुठून कुठे न्यायची, याचा आधीच हिशेब मांडून खाणी, वीजकेंद्रं, लाइनी यांची कामं वेळेत हाती घेणं म्हणजे दीर्घकालीन ऊर्जा नियोजन. खाण किंवा मोठं केंद्र उभं व्हायला बरीच वर्षं जातात आणि एकदा चालू झालं की ते दशकानुदशकं चालतं, त्यामुळे पाच वर्षांचा हिशेब इथे पुरत नाही.

भारतात याची सुरुवात कधीपासून धरायची यावर एकमत नाही. काही जण १९३८ धरतात, तेव्हा काँग्रेसची राष्ट्रीय नियोजन समिती झाली आणि तिच्या वीज-इंधन उपसमितीचे अध्यक्ष मेघनाद साहा होते. काही जण डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमसदस्य होते (१९४२-४६) तो काळ धरतात, कारण वीज हा विषय त्यांच्याकडे होता आणि स्वस्त, भरपूर विजेशिवाय उद्योग नाहीत, उद्योगांशिवाय शेतीवरचा भार हटत नाही, हे ते तेव्हाच मांडत होते. १९४८ चा वीज पुरवठा कायदा त्यानंतरचा. पण १९३८ काय किंवा आंबेडकरांचा काळ काय, दोन्हींत भर विजेवरच दिसतो. ऊर्जा सर्वेक्षण समितीच्या १९६५ च्या अहवालात मात्र लाकूड, गोवऱ्या आणि शेतातला काडीकचरा कोळसा-तेलाच्या शेजारी बसवून मोजला गेला, म्हणून सुरुवात तिथून धरणं जास्त बरोबर वाटतं. ज्या गावात पऱ्हाटी-तुराटीवर (कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांवर) स्वयंपाक होतो त्या गावची चूल सोडून देशाची गरज मोजली असं म्हणताच येत नाही.

मोजायची खरी अडचणही चुलीपाशीच आहे. लाकडात उष्णता भरपूर, पण साध्या चुलीत त्यातली थोडीच भांड्याला लागते, बाकी वाया जाते, त्यामुळे नुसत्या उष्णतेवर मोजलं तर लाकडाचा वाटा फुगतो. म्हणून १९७४ च्या इंधन धोरण समितीच्या हिशेबात 'याच कामाला किती कोळसा लागला असता' असं कोळसा-बदली टनाचं मापही आहे. जुने आकडे शेजारी ठेवताना एकक आधी बघावं, नाहीतर एकाच वर्षाचे दोन वेगळे आकडे मिळतात.

कोळशाजवळच वीज करून ती तारेने न्यायची, या विचाराचं ठळक उदाहरण विदर्भ. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र उभं आहे, आणि १९९९ पासून चंद्रपूर-पडघे ही साधारण ७५० किमीची उच्चदाब डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाइन १५०० मेगावॅटपर्यंत वीज मुंबईकडे नेते. तिरोडा (३३०० मेगावॅट), मौदा (२३२०), कोराडी, खापरखेडा हेही याच भागात. राख आणि धूर इथे राहतो, आणि इथलाच शेतकरी रातच्या लाइनवर ओलित करायला विंचू-सापाच्या वावरात जातो, हे नियोजनात पहिल्या पानावर यायला पाहिजे.

२००६ च्या एकात्मिक ऊर्जा धोरण अहवालाने २०३१-३२ पर्यंतचा अंदाज मांडला: अर्थव्यवस्थेची वर्षाला ८ टक्के वाढ टिकवायची तर वीजनिर्मितीची क्षमता २००३-०४ च्या ५ ते ६ पट लागेल. नियोजन आयोग गेल्यावर हे काम नीती आयोगाकडे आलं. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जेवढे हरितगृह वायू सोडले तेवढे शोषून घेणं) ही सध्याची उद्दिष्टं.

कोळशाचं केंद्र रात्री बंद करणं परवडत नाही, म्हणून कृषिपंपांचा भार रात्रीकडे ढकलला जायचा. सौर वीज दिवसाच मिळते, त्यामुळे महाराष्ट्राच्या २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प लावून शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या लाइनीला) दिवसा थ्री फेज द्यायचं ठरलं.